काशीचा प्रवासी आणि सुरतेचे डोडो

सन १६३२ च्या सप्टेंबर महिन्यात, पावसाळा अजून पुरता सरला नसताना, पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी आपला काफिला घेऊन काशी क्षेत्री येऊन पोहोचला. इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्याच्या पेन्रिन गावचा हा मनुष्य ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. जवळचा पारा व हिंगूळ विकावा आणि पाटण्याच्या पेठेत कंपनीच्या व्यापाराला किती वाव आहे ते पाहून यावे, एवढ्यासाठी आग्र्याच्या वखारीने त्याला पूर्वेकडे धाडले होते. कंपनीच्या कितीतरी कारकुनांनी असे कितीतरी प्रवास केले आणि जमाखर्चाच्या वह्यांपलीकडे त्यांचे नाव उरले नाही. मंडीचे मात्र उरले. त्याचे कारण त्याला जडलेली एक खोड होय. जे जे दृष्टीस पडेल ते ते तो लिहून ठेवी.

काशीतही त्याने हेच केले. गंगेच्या काठी वसलेली ती नगरी, तिच्यातील ब्राह्मण, खत्री व वाणी, त्यांची देवळे हे सारे त्याने टिपले. विश्वेश्वराच्या मंदिरात शिरून, मधोमध उंचावर बसविलेली साधी, कोरीव काम नसलेली शिळा आणि तीवर भाविक वाहत असलेले गंगोदक, फुले व तांदूळ यांचेही वर्णन त्याने केले. त्या पूजेचा अर्थ त्याला उमगला असे म्हणवत नाही; पण अर्थ उमगला नाही म्हणून त्याने पाहिलेले गाळले नाही. काशीला आपल्या परंपरेत अविमुक्त क्षेत्र म्हणतात. प्रलयकाळी सारी सृष्टी बुडाली तरी भगवान शंकर ही नगरी आपल्या त्रिशूळावर तोलून धरतात, अशी श्रद्धा आहे. ही अविनाशी नगरी पाहणाऱ्या त्याच डोळ्यांनी याच हिंदुस्थानात आणखी एक वस्तू पाहिली. पुढील अर्ध्या शतकाच्या आतबाहेर ती पृथ्वीच्या पाठीवरून कायमची नाहीशी व्हावयाची होती. ती वस्तू म्हणजे डोडो पक्षी.

मंडी १६२८ साली सुरतेस उतरला आणि १६३४ साली तेथूनच मायदेशी परतला. मधला काळ मोठा कठीण होता. १६३० पासून गुजरात व दक्षिण यांवर जो दुष्काळ कोसळला, त्याची स्मृती महाराष्ट्रालाही आहे. तुकोबांच्या घराची वाताहत ज्या दुष्काळाने केली तोच हा. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेही हेच वर्ष. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाताना वाटेवर पडलेली प्रेते मंडीने पाहिली आणि त्यांचीही नोंद केली. आग्र्यास मुमताजमहलच्या कबरीचे काम चालू असलेले पाहून त्याने तेही लिहून ठेवले. अशा या रोजनिशीत, इतक्या मोठ्या घडामोडींच्या शेजारी, सुरतेच्या वखारीत पाहिलेल्या दोन पाखरांना त्याने चार ओळींची जागा दिली आहे. ती पाखरे मॉरिशस बेटावरून आणलेली होती. अंगाने ती हंसापेक्षा दुप्पट होती, शरीरावर मऊ लव होती, आणि पंख म्हणावे तर आखूड बाह्यांसारखे अंगावर लोंबणारे, उडण्याच्या कामी सर्वस्वी निरुपयोगी असे होते. पायांची बोटे सुटी असल्याने त्यांना बदकासारखे पोहताही येत नव्हते. मंडी कोणी पंडित नव्हता. पण पक्ष्याचे पाय पाहून तो पाण्याचा की जमिनीचा हे ठरविण्याइतके निरीक्षण त्याच्यापाशी होते.

डोडो हिंदुस्थानात आला होता याचा आणखी एक साक्षीदार आहे, आणि त्याने लेखणीऐवजी कुंचला वापरला आहे. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे एक मोगल चित्र जतन केलेले आहे. १९५८ साली इवानोव या रशियन अभ्यासकाने त्याची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले. चित्राच्या मध्यभागी तपकिरी रंगाचा डोडो उभा आहे. भोवती एक लहानसा पोपट, हिमालयातील ट्रॅगोपान, पट्टकादंब हंस आणि पखुर्डी यांची जोड दिलेली आहे. चित्रावर सही नाही. तथापि ते १६२५ च्या सुमाराचे असून जहांगीर बादशहाने ज्याला ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला त्या उस्ताद मन्सूरच्या हातचे असावे, असे जाणकार मानतात. शेजारचे पक्षी इतके हुबेहूब आहेत की त्यांची जात आजही बिनचूक ओळखता येते. म्हणून मधल्या डोडोवरही भरवसा ठेवता येतो. त्याच काळात युरोपात रंगविलेले डोडो लठ्ठ व बेढब दिसतात, आणि जगाच्या मनात ठसली ती तीच प्रतिमा. मोगल चित्रकाराचा डोडो त्या मानाने सडपातळ व जिवंत वाटतो. पाखरू समोर उभे करून ते पाहत पाहत काढलेली डोडोची रंगीत चित्रे जगात फार थोडी आहेत, आणि त्यांत या हिंदी चित्राचे स्थान फार वरचे आहे.

हा पक्षी होता तरी कसा? मॉरिशस हे हिंदी महासागरातील ज्वालामुखीतून वर आलेले बेट. मादागास्करपासून ते सुमारे ९०० किलोमीटर पूर्वेस आहे. समुद्रातून वर येऊन त्याला ८० लक्ष वर्षांच्या आसपास काळ लोटला. वटवाघळे सोडली तर या बेटावर मुळात एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, कोल्हा नाही, उंदीरसुद्धा नाही. जेथे पाठलाग करणारा शत्रू नाही तेथे पळण्याचे प्रयोजन नाही, आणि पंख बाळगणे हे तर मोठे खर्चाचे काम. उडण्यासाठी छातीचे भक्कम स्नायू लागतात, त्यांना पोसण्यासाठी अन्न लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाखरांनी तो खर्च वाचविला ती तगली आणि देहाने वाढत गेली. अशा रीतीने सुमारे एक मीटर उंचीचा, मोठ्या आकडेबाज चोचीचा, जमिनीवर चालणारा डोडो घडला. त्याच्या वजनाचे अंदाज १० किलोंपासून १८ किलोंपर्यंत केले गेले आहेत. रानात गळून पडलेली फळे व बिया हे त्याचे मुख्य अन्न असावे. ती दळण्यासाठी तो खडे गिळी. १६३८ साली लंडनमध्ये एक जिवंत डोडो पैसे घेऊन दाखविला जात होता, तेव्हा त्याच्यासमोर पडलेला खड्यांचा ढीग पाहून एका प्रेक्षकाला मोठे नवल वाटले होते. घरटे जमिनीवर आणि एका वेळी बहुधा एकच अंडे, अशी त्याची संथ संसाररीत होती. शत्रू नसलेल्या बेटावर ती पुरेशी होती.

१५९८ च्या सप्टेंबरात डच जहाजे या बेटाला लागली. आपला राजपुत्र मॉरिस याचे नाव त्यांनी बेटाला दिले. खलाशांना ताज्या मांसाची गरज होती आणि हा पक्षी तर माणसाला पाहून पळतही नव्हता. त्याचे मांस जितके शिजवावे तितके चिवट होते, अशी तक्रार करून त्यांनी त्याला ‘किळसवाणा पक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले. तरीही ते त्याला मारून खातच राहिले. पण डोडोचा खरा काळ ठरले ते माणसाबरोबर आलेले प्राणी. जहाजांतून उंदीर उतरले, डुकरे व बकऱ्या सोडण्यात आल्या, माकडेही आली. जमिनीवर उघड्यावर घातलेले एकुलते एक अंडे या सर्वांना सहज सापडे. म्हातारे पक्षी मरत गेले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत.

१६६२ साली एका फुटलेल्या डच जहाजाचे काही लोक या किनाऱ्याला लागले. त्यांपैकी फोल्कर्ट एव्हर्ट्‌स याने एका लहानशा उपबेटावर काही डोडो पाहिले. बहुतेक अभ्यासक खात्रीलायक मानतात असे हे शेवटचे दर्शन. त्यानंतरही काही वर्षे आतल्या रानात तुरळक पक्षी राहिले असतील, आणि १६९० च्या सुमारास तेही संपले असतील, असे गणिताच्या आधारे मांडण्यात आले आहे. मराठी माणसाच्या मनातील कालगणनेला हे वर्ष जोडून पाहावे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा ज्या शहरात तीस वर्षांपूर्वी दोन डोडो दाणे टिपत होते, त्या शहरात त्यांची आठवण कोणाला असण्याचा संभव नव्हता. आणि त्यांच्या मायभूमीतील खात्रीलायक नोंदही दोन वर्षांपूर्वी संपली होती. ज्या दिवशी शेवटचा डोडो मेला तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी जगात कोणाचेही काही अडले नाही.

पुढे इंग्रजीत डोडो हा शब्द मूर्खपणाचा पर्याय होऊन बसला. हा मोठा अन्याय आहे. जो शत्रू लक्षावधी वर्षांत कधी दिसलाच नाही त्याला न भिणे, याला मूर्खपणा म्हणता येत नाही. माणसाजवळ निर्धास्त येणाऱ्या प्राण्याला आपल्या पुराणांत आश्रमातील मृगाची उपमा मिळते. मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांच्या हाती मात्र काठी होती.

मंडीला या पक्ष्याच्या अंताची कल्पना नव्हती. परंतु त्याला एक प्रश्न पडला होता. १६३८ साली चीनच्या सफरीहून परतताना त्याचे जहाज मॉरिशसला थांबले. तेथील डोडो आणि एक तांबूस रंगाचा, न उडणारा कोंबडीवजा पक्षी यांविषयी लिहिताना तो थबकला. ही पाखरे इतर कोणत्याही देशात नाहीत. ती उडत नाहीत, पोहत नाहीत. आणि भोवती शेकडो कोसांचा समुद्र! मग ती येथे आली कशी? निरनिराळ्या जातींच्या संकरातून असे विलक्षण देह निपजले असतील काय, अशी शंका त्याने मांडली. त्याची दुसरी शंका अशी की, त्या भूमीच्या हवामानाने व मातीने दीर्घ काळात मूळचा आकारच पालटून टाकला असेल काय? सारी जीवसृष्टी ईश्वराने एकदाच आणि आहे तशीच निर्माण केली, असे ज्या काळी युरोप मानीत होता, त्या काळी कंपनीच्या एका व्यापाऱ्याने ही दुसरी शंका लिहून ठेवावी, हे थोडे नव्हे. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. म्हणजे त्यानंतर २२१ वर्षांनी आला. मंडीची रोजनिशी तोपर्यंत हस्तलिखितातच पडून होती. ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती आणि सर रिचर्ड टेंपल यांनी विसाव्या शतकात ती छापून काढली.

योगायोग असा की ज्या ऑक्सफर्डमध्ये हे हस्तलिखित होते, तेथेच डोडोचे शेवटचे अवशेषही होते. पेंढा भरून ठेवलेला एक डोडो तेथील संग्रहालयात होता. तो कुजत गेला आणि १७५५ च्या सुमारास टाकून देण्यात आला. मागे उरले ते डोके आणि एक पाय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असा पक्षी खरोखर होता की ती केवळ दर्यावर्दी लोकांची कल्पना, असा प्रश्न विद्वान विचारू लागले. ज्या जीवाला दीडदोनशे वर्षांपूर्वी लोकांनी भर बाजारात पाहिले, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मागण्याची पाळी आली.

तो पुरावा ज्या हातांनी वर काढला त्यांचा हिंदुस्थानाशी जवळचा संबंध आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले. काशीच्या आसपासच्या भोजपुरी मुलखातून ते गेले, कोकणातूनही गेले. त्यांचे वंशज आजही तेथे आपले सण साजरे करतात. १८६५ साली त्या बेटाच्या आग्नेय भागातील ‘मार ओ सॉन्ज’ या दलदलीतून मजूर माती काढीत असताना हाडांचे ढीग वर आले. जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तराने मग दलदलीच्या मध्यावर माणसे उतरविली, आणि त्यांनी गढूळ पाण्यात अनवाणी पायांनी चाचपून डोडोची हाडे शोधून दिली. त्या वेळी बेटावरील मजूरवर्ग बहुतांशी हिंदी होता. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाचे नाव त्या हाडांवरील प्रबंधाशी कायमचे जोडले गेले. चिखलात पाय घालणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

डोडो कोणत्या कुळातला, या वादाचा निकाल त्यापूर्वीच लागत आला होता. त्याला कोणी शहामृगात घातले होते, कोणी गिधाडांत. १८४२ साली राइनहार्ट या डॅनिश अभ्यासकाने डोडो म्हणजे पारव्याच्या कुळातील पक्षी, असे म्हटले तेव्हा लोक हसले. १८४८ साली स्ट्रिकलँड व मेलव्हिल यांनी ऑक्सफर्डचे डोके व पाय तपासून तेच सिद्ध केले. पुढे २००२ साली त्याच ऑक्सफर्डच्या अवशेषांतून काढलेल्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली, आणि डोडोचा सर्वांत जवळचा हयात असलेला नातेवाईक कोण हे निश्चित झाले. तो निघाला निकोबारी पारवा.

हा पारवा आपल्या अंदमान-निकोबार बेटांवर राहतो, आणि तेथून पूर्वेकडे प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत आढळतो. हिरव्या-तांबूस झळाळीची पिसे, मानेवर लांब पिसांची झालर आणि आखूड पांढरी शेपटी असे त्याचे देखणे रूप आहे. तो जमिनीवर फिरून बिया व फळे खातो, आणि कठीण बिया दळण्यासाठी त्याच्याही पोटात खडा असतो. भेद एवढाच की याचे पंख शाबूत आहेत आणि तो थव्याने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडत जातो. मंडीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. डोडो मॉरिशसला पोहत गेला नव्हता. त्याचे दूरचे पूर्वज समुद्र ओलांडून उडत आले होते, आणि बेटांवर स्थिरावल्यानंतर दीर्घ काळात त्यांच्या वंशजांचा मूळ आकार पालटला. म्हणजे त्या व्यापाऱ्याची दुसरी शंका सत्याच्या फार जवळ होती. त्याने सुरतेत पाहिलेल्या पक्ष्याचे आप्त हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला, निकोबारच्या रानात सुखाने नांदत होते.

न उडणाऱ्या पाखरांवर आलेली ही आपत्ती एकट्या डोडोची नव्हे. उत्तर अटलांटिक महासागरात ग्रेट ऑक नावाचा समुद्रपक्षी होता. डोडोने जमिनीसाठी पंख सोडले, याने पाण्यासाठी. आखूड पंखांची वल्ही करून तो बुडी मारी आणि मासे पकडी. केवळ अंड्यापुरता खडकाळ बेटांवर येई. तेथे पळता येत नसल्याने मांस, चरबी व पिसांसाठी खलाशांनी त्याची वर्षानुवर्षे कत्तल केली. तो दुर्मिळ झाल्यावर संग्राहक त्याच्या कातड्याला मोठी किंमत देऊ लागले, आणि दुर्मिळता हेच त्याच्या मरणाचे कारण झाले. १८४४ च्या जून महिन्यात आइसलँडजवळील एल्डी खडकावर शेवटच्या ज्ञात जोडप्याला गळा दाबून मारण्यात आले. त्यांचे अंडे फुटले म्हणून तेथेच टाकून दिले गेले. १८५८ साली वूली व न्यूटन हे दोन इंग्रज त्याच्या शोधात आइसलँडला गेले. पक्षी मिळाला नाही, तेव्हा त्यांनी त्या मोहिमेतील माणसांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्या जबान्यांनी न्यूटनचे आयुष्य पालटले. पक्षिसंरक्षणासाठी तो झटू लागला आणि १८६९ साली ब्रिटनमध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला.

लिहून ठेवण्याचे मोल ते एवढे. याचे आपल्या घरचे उदाहरण फार जुने नाही. जटायूच्या कुळातील गिधाडे उत्तर हिंदुस्थानात गावोगाव दिसत. इतकी, की त्यांना मोजावे असे सहसा कोणाला वाटत नसे. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांतून एखादेच उरले. सुदैवाने भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडांची मोजदाद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात करून ठेवली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे बसले आणि अनर्थ उघडकीस आला. पुढे गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा हा परिणाम असल्याचे सिद्ध झाले, आणि २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. गिधाडे अद्याप धोक्याबाहेर नाहीत; पण ती डोडोच्या वाटेने गेली नाहीत. खुद्द मॉरिशसमध्येही १९७४ साली तेथील ससाण्याचे चारच रानटी पक्षी ठाऊक होते. मोजून, जपून, वाढवून ती जात आज टिकविण्यात आली आहे.

डोडोच्या वेळी असे मोजणारे कोणी नव्हते. एका व्यापाऱ्याच्या चार ओळी, एका चित्रकाराचे एक पान, कुजक्या पक्ष्याचे डोके व पाय, आणि दलदलीतून निघालेली हाडे, एवढ्यावर त्याचा सारा इतिहास उभा आहे. आणि त्यातील दोन साक्षी हिंदुस्थानच्या भूमीवर नोंदल्या गेल्या आहेत. मंडीने विश्वेश्वराची शिळा पाहून लिहिली आणि सुरतेचे पाखरूही त्याच लेखणीने लिहिले. काशी आजही जागच्या जागी आहे. पहाटे गंगेवर अर्घ्य दिले जाते आणि विश्वेश्वरावर पाणी, फुले व तांदूळ वाहिले जातात. सुरतेस जाऊन डोडो पाहावा असे कोणाच्या मनात आले, तर मात्र त्याला मंडीच्या त्या चार ओळींपाशीच थांबावे लागते.